रेघेच्या दिशेनं

गुरुवारी शेडला सुट्टी, आणि गुरुवारीच नळाला.
म्हणून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवतो
महापालिकेच्या पाण्याच्या. बोअरचं चालत नाही,
ते पत्र्यावर वाळतं आणि ठिपके सोडून जातं,
पांढरे, चुन्याचे,
जे मग आठवडाभर माझ्याकडे बघत राहतात.

टेंपोला रंग नाही.
हौदा, दारं, पुढचं नाक, सगळं तीनशे चार नंबरच्या पत्र्याचं;
हॉटेलांची टेबलं करून उरलेले तुकडे
तीन दिवाळ्या साठवून जोडलेले.
वारज्याच्या सिग्नलला पोरं त्यात बघून भांग पाडतात.
शेजारचे रास्ते विचारतात, काय वडके,
पातेलं आज कुठे निघालं?

पातेलंच आहे.
रंगाच्या गाडीवर ओरखडा उठला तर तो रंगाचा.
इथे जे आहे ते वरच आहे.
हात लावला की हात उमटतो,
पाचही बोटं, वडापावच्या तेलासकट.

आधी नुसतं पाणी, धूळ वाहून जाईपर्यंत.
मग मऊ फडकं, आणि रेघेच्या दिशेनं.
पत्र्याला रेघ असते, लाकडाला असते तशी,
आडवा घासलात की कायमचा दिसतो.
काथ्या नको. तारेची घासणी तर नकोच,
तिचं लोखंड रुतून बसतं, चार दिवसांनी गंजतं,
आणि लोक म्हणतात, स्टील गंजलं.
स्टील कसलं गंजतं. संगत गंजते.

अण्णा खुर्ची टाकून बसतात, दर गुरुवारी,
मदतीला नाही, नापसंती दाखवायला.
एकोणनव्वद वर्षांचे. साठ वर्षं तांबट आळीत
हंडे, बंब, घंगाळी मठारली,
उजवा कान त्यातच गेला.
मग लोकांनी हंडे मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले
आणि मी, त्यांचा एकुलता, स्टीलच्याच कामाला लागलो.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
‘चिंच लावून बघितलीस का?’
एवढंच विचारतात, आणि स्वतःच हसतात.

मार्चात मार्केट यार्डात एका ट्रकनं मागे येताना
डाव्या अंगाला पोचा पाडला, वाटीएवढा.
लांबी भरून रंग मारावा, तर रंगच नाही.
आतून ठोकला तर पत्रा ताणला गेला,
बोटानं दाबलं की आत, सोडलं की बाहेर,
बेडकाच्या गळ्यासारखा.

चहा घेऊन खाली आलो तर अण्णा उभे.
हातात मठारायचा हातोडा (मला वाटलं होतं, तो कधीच विकला),
आणि आतल्या बाजूला खरवई धरून
वॉचमन बिराजदार, घाबरलेला.
‘अण्णा, लोखंड लागेल त्याला.’
मी उजव्या कानाकडून बोललो होतो.

ठोक्याला लागून ठोका, मधून कडेकडे.
‘हे ऐकत नाही,’ मध्येच म्हणाले.
‘तांबं ऐकतं. तापवलं की मऊ येतं.
हे दर ठोक्याला जास्तच ताठ होतंय.’
मग घाम पुसत, ‘तुझ्यासारखं.’
बिराजदारनं जमिनीकडे बघितलं.

पोचा आता हलत नाही, वाजत नाही.
त्या जागी तळहाताएवढं मठारकाम आहे,
खळग्या-खळग्यात एकेक बारका सूर्य.
रास्त्यांनी विचारलं, हे काय, गारपीट?

चौथ्या दिवशी खळग्यांत तांबूस ठिपके आले,
मी म्हटलं होतं तसे.
पुढच्या गुरुवारी पाव वाटी चिंच कोळून आणली,
अण्णा पेपरात होते तेवढ्यात.
चोळली, धुतली, लगेच कोरडी केली.
ठिपके गेले.
पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

बाकी गाडीवर हात सरळ जातो, पुढून मागे.
तिथे आला की
आपोआप गोल फिरतो.